ठिपके कुणाच्या मापाचे?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद दोन वेशांत बाजारात जाते. मोंढ्यातल्या सौद्यासाठी ती गोणीत असते आणि गोणीवर फार तर आडतीचं नाव नि वजन असतं. दळून, चाळून किलो-अर्ध्या किलोच्या पिशवीत भरली की मात्र तिला चित्र लागतं. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पिशवीवर नाव मिरवायला आणखी एक कारण झालं. चित्रही बहुधा ठरलेलं: हळकुंडांचा ढीग, शेजारी वाटीत पूड आणि मागे गडद केशरीपासून फिकट पिवळ्यापर्यंत उतरत जाणारी छटा. संगणकाच्या पडद्यावर हे सगळं झकास दिसतं. अडचण येते ती हेच चित्र मांजरपाटाच्या पिशवीवर स्क्रीननं छापायची वेळ आली की.

स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणून बसवलेली पॉलिएस्टरची बारीक जाळी. तिच्यावर प्रकाशानं टणक होणाऱ्या रसायनाचा, म्हणजे इमल्शनचा, थर द्यायचा. वर चित्राची पारदर्शक प्रत (पॉझिटिव्ह) ठेवून उजेड दाखवायचा. जिथे काळं होतं तिथलं इमल्शन मऊ राहतं आणि पाण्यानं धुतल्यावर निघून जातं. मोकळ्या झालेल्या जाळीतून स्क्वीजीच्या, म्हणजे रबरी पट्टीच्या, दाबानं शाई खाली उतरते. जाळीला दोनच गोष्टी कळतात: शाई जाऊ द्यायची किंवा अडवायची. ‘थोडी जाऊ दे’ हे तिला सांगता येत नाही. दुकानाचं नाव, फोन नंबर, शुभेच्छुकांची यादी असल्या सपाट मजकुराला याची काही अडचण नसते. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या लग्नपत्रिका वर्षानुवर्षं अशाच छापल्या गेल्या आहेत. छटा आली की मात्र फसवणूक करावी लागते. फिकट जागी बारके ठिपके, गडद जागी मोठे ठिपके, शाई सगळीकडे सारख्याच घट्टपणाची. डोळा दुरून पाहतो आणि मधल्या पांढऱ्याशी मिसळून छटा स्वतःच तयार करतो. याला हाफटोन म्हणतात.

ही युक्ती संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅलबटनं १८५२ मध्ये इंग्लंडात घेतलेल्या पेटंटमध्ये छायाचित्राची छटा फोडण्यासाठी चक्क झिरझिरीत कापड वापरलं होतं. पुढे म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाखनं १८८२ मध्ये रेषांच्या काचेची पद्धत पेटंट केली. फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी काचेवर कोरलेल्या आडव्या-उभ्या रेषांची अचूक जाळी बाजारात आणली आणि मासिकांत छायाचित्रं छापणं आवाक्यात आलं. या काचेच्या जाळीचं गणित मांडणाऱ्यांत आपल्या देशातला एक माणूस आघाडीवर होता: कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी, सत्यजित रायांचे आजोबा. त्यांचे हाफटोनवरचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येत. आपल्याकडे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. बडोद्याच्या कलाभवनात ते फोटोग्राफी शिकले, पुढे ब्लॉक तयार करण्यात हात बसवला, काही काळ रविवर्मा प्रेससाठी काम केलं आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणायला जर्मनीला गेले. रविवर्मांच्या प्रेसमध्ये देवादिकांच्या गालावरची लाली दगडावर हातानं टिंब टिंब देऊन उतरवली जाई. प्रत्येक टिंब केवढं आणि कुठे, हे कारागीर ठरवत असे. काचेच्या जाळीनं तो निर्णय त्याच्याकडून काढून घेतला. संगणकानं तो काचेकडूनही काढून घेतला आणि एका खिडकीतल्या चार रकान्यांत ठेवून दिला.

त्या चार रकान्यांची आता ओळख करून घेऊ. पहिला रकाना ठिपक्यांच्या दाटपणाचा: एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी. धंद्यात याला एलपीआय म्हणतात. दुसरा कोनाचा: त्या ओळी किती अंशांत कललेल्या. तिसरा ठिपक्याच्या आकाराचा: गोल, लंबगोल, चौकोनी, नुसती रेषा. चौथा छपाईयंत्राच्या बारकाईचा, म्हणजे डीपीआय: एका इंचात लेझर प्रिंटर किती सूक्ष्म टिंबं टाकू शकतो. पहिल्या आणि चौथ्याची गल्लत नेहमी होते. एलपीआयचा एक ठिपका डीपीआयच्या अनेक टिंबांनी बनतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं सोपं जाईल.

अडोबी कंपनीनं १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट नावाची पानं मांडायची भाषा आणली. तिच्यात हाफटोनसाठी ‘सेटस्क्रीन’ नावाची आज्ञा आहे आणि तिला तीनच गोष्टी सांगायच्या असतात: दाटपणा, कोन आणि आकार ठरवणारं छोटं सूत्र. पुढच्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर प्रिंटर ही भाषा बोलत ऑफिसांच्या टेबलांवर आला. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ यांच्या छपाईच्या खिडक्यांत आज जे आकडे भरायचे असतात, ते शेवटी याच आज्ञेकडे जातात.

आणि आपण काहीच भरलं नाही तर? तर डिफॉल्ट चालतं. रकाना रिकामा कधीच नसतो. निळ्याला १५ अंश, किरमिजीला ७५, पिवळ्याला ०, काळ्याला ४५, दाटपणा प्रिंटरला झेपेल तो. असं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हे ठरवणारा माणूस मूर्ख नव्हता. ऑफसेटच्या गुळगुळीत प्लेटवर हे कोन अगदी योग्य आहेत. माणसाच्या डोळ्याला आडव्या-उभ्या ओळी चटकन जाणवतात आणि तिरप्या कमी, म्हणून सगळ्यात उठून दिसणारा काळा रंग ४५ अंशांत. पिवळा कुणाला फारसा दिसत नाही, म्हणून शून्याची गैरसोयीची जागा त्याला. बाकीच्या दोघांना काळ्यापासून तीस-तीस अंशांचं अंतर. फक्त या माणसासमोर कागद होता आणि ॲल्युमिनियमची प्लेट होती, कापडाची जाळी नव्हती. ऑफसेटच्या मासिकाला १३३ किंवा १५० ओळी चालतात, वर्तमानपत्राला ६५ ते ८५ लागतात. ते आकडे उचलून मांजरपाटाच्या पिशवीवर आणले तर हळदीच्या पुडीच्या जागी एक सपाट पिवळा डाग मिळतो आणि ऑपरेटर शाईला दोष देतो.

म्हणून स्क्रीन छपाईत आकडे ठरवायची सुरुवात संगणकाकडून करू नये. आधी कापड बघावं, मग त्या कापडाला कोणती जाळी लागेल ते, मग जाळीवरून ओळींचा दाटपणा आणि सगळ्यात शेवटी माउसला हात. रीत बरोबर याच्या उलट आहे, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त वाया गेलेल्या छपाईचं मूळ तिथेच आहे.

जाळीचा आकडा म्हणजे ठरावीक लांबीत किती धागे. इथे एक खड्डा आहे आणि त्यात नवखेच नव्हे, मुरलेलेही पडतात. आपल्याकडे मिळणाऱ्या जाळीवर बहुधा सेंटिमीटरमधले धागे लिहिलेले असतात: ४३टी, ६१टी, ७७टी, ९०टी, १२०टी. परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ इंचातले धागे सांगतात: ११०, १५५, १९५, २३०, ३०५. दोन्ही रांगा एकाच मालाच्या आहेत, पहिलीला २.५४ नं गुणलं की दुसरी मिळते. व्हिडिओतला माणूस ‘एकशे दहाची जाळी घ्या’ म्हणतो, इथला माणूस दुकानात जाऊन शंभर-एकशेवीसची मागतो आणि अडीचपट बारीक जाळी घेऊन घरी येतो. जाड पिगमेंट शाई तिच्यातून उतरत नाही, दाब वाढवला की कडा फुटतात, आणि चार दिवस कुणालाच काही कळत नाही.

आता नियम: इंचातले धागे आणि इंचातल्या ठिपक्यांच्या ओळी यांचं प्रमाण चार ते पाच पट असावं. ७७टी म्हणजे इंचाला १९५ धागे; साडेचारनं भागले की ४३ येतात, म्हणजे ४५च्या आसपास ओळी. टी-शर्टाच्या होजिअरीसाठी ६१टी घेतली तर ३५. मांजरपाटाच्या जाडसर पिशवीसाठी ४३टी घेतली तर २५च्या आत-बाहेर. पत्रिकेच्या गुळगुळीत कागदासाठी १२०टी असेल तर ६५ पर्यंत जाता येतं. २५ ओळींचे ठिपके जवळून सरळ दिसतात, हे खरं. पण पिशवी कुणी डोळ्याला लावून बघत नाही. हातभर अंतरावर ते मिटून जातात.

चार-पाच पटच का, हे एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. ४५ ओळी म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला आलेलं घर ०.५६ मिलिमीटरचं. पाच टक्के छटेचा गोल ठिपका त्या घराचा पाच टक्के भाग व्यापतो, म्हणजे त्याचा व्यास होतो सुमारे ०.१४ मिलिमीटर. ७७टी जाळीत एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंतचं अंतर ०.१३ मिलिमीटर. ठिपका जेमतेम एका भोकाएवढा. तो नेमका दोन धाग्यांच्या फुलीवर आला तर धागेच त्याला झाकून टाकतात आणि शाईला वाट उरत नाही. आता याच जाळीवर ६५ ओळी मागितल्या तर पाच टक्क्यांचा ठिपका ०.१० मिलिमीटरचा, म्हणजे धाग्यांच्या अंतराहून लहान. मग तो कुठे येतो, कुठे गायब होतो. गडद बाजूला याचं उलट होतं. पंच्याण्णव टक्के छटेत इमल्शनचाच एक एवढुसा ठिपका जाळीला चिकटून राहायला हवा असतो. त्याला धरायला दोन-तीन धागे नसले की स्क्रीन धुताना तो पाण्याबरोबर निघून जातो. औंढ्याच्या नागनाथ मंदिराचा फोटो टी-शर्टावर छापायला घेतला तर हे लख्ख दिसतं. काळ्या दगडावरचं कोरीवकाम म्हणजे सगळा खेळ सत्तर ते पंच्याण्णव टक्क्यांमधला. तेवढे ठिपके गळाले की मूर्ती, कोनाडे, थर सगळं एक काळं भिंताड होतं. तिथे शहाणपण असं की फाइलमध्येच छटांचं टोक दोन्हीकडून आत घ्यावं: सर्वांत फिकट जागा दहा टक्क्यांवर, सर्वांत गडद पंच्याऐंशीवर. त्यापलीकडचं एकतर कोरं कापड किंवा सपाट काळं.

दुसरा रकाना कोनाचा. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की त्यात लाटा उठतात, सरकवलं की लाटा धावतात. दोन जवळपास सारख्या जाळ्या एकमेकींवर पडल्या की हे होणारच. छपाईवाले त्याला मॉरे म्हणतात. स्क्रीन छपाईत एक जाळी कायमची बसलेली असते, ती चौकटीवरच्या कापडाची: धागे ० आणि ९० अंशांत. तिच्यावर शून्य अंशाचे ठिपके टाकले तर लाटा आल्याच. ४५ अंशांतले ठिपके धाग्यांच्या फुल्यांच्या तिरक्या ओळींना समांतर जातात, म्हणून तिथेही धोका. ऑफसेटचा सगळ्यात लाडका कोन इथे असा अडचणीचा ठरतो. दोन्हींच्या बरोबर मधला कोन साडेबावीस अंश. एकाच रंगाचं काम असेल तर डिफॉल्टमधले ४५ पुसून २२.५ लिहावेत. चार रंगांचं काम असेल तर नेहमीच्या प्रत्येक कोनात साडेसात मिळवायचे: १५चे २२.५, ७५चे ८२.५, ०चे ७.५ आणि ४५चे ५२.५. रंगांमधलं आपसातलं अंतर तेच राहतं आणि एकही रंग धाग्यांच्या रांगेत सापडत नाही. काही जण याऐवजी जाळीच चौकटीवर तिरपी ताणतात. त्यात कापड वाया जातं आणि ताण सारखा बसत नाही. संगणकात एक आकडा बदलणं स्वस्त.

कधीकधी त्या रकान्यात ७१.५६५१ किंवा १८.४३४९ असले आकडे आधीच लिहिलेले दिसतात आणि माणूस दचकतो. त्यात गूढ काही नाही. लेझर प्रिंटरची टिंबं चौकोनी जाळीत बसतात, त्यामुळे प्रत्येक कोन त्याला नीट जमत नाही. तीन पायऱ्या वर आणि एक आडवी अशी सरळ चढण मात्र जमते. त्या चढणीचा कोन ७१.५६५१ आणि तिच्या उलटीचा १८.४३४९.

आकाराबद्दल थोडक्यात. गोल ठिपके फिकट भागात सुंदर दिसतात. चौकोनी ठिपक्यांचे चारही कोपरे पन्नास टक्क्यांना एकदम जुळतात आणि माणसाच्या गालावर, जिथे छटा हळूच बदलायला हवी तिथे, अचानक पट्टा पडतो. लंबगोल ठिपके आधी एका दिशेनं जुळतात आणि मग दुसऱ्या, म्हणून उडी दोन छोट्या पायऱ्यांत वाटली जाते. चेहऱ्यासाठी लंबगोल. निवडणुकीतल्या उमेदवारांचे फोटोही याच हिशेबात.

चौथ्या रकान्याचा हिशेब निर्दय आहे. एका ठिपक्याला किती छटा दाखवता येतील हे डीपीआयला एलपीआयनं भागून, त्याचा वर्ग करून, एक मिळवला की कळतं. ६०० डीपीआयचा प्रिंटर आणि ४५ ओळी: साधारण १७९ छटा. कापडाला पुरून उरल्या. तोच प्रिंटर आणि १३३ ओळी: जेमतेम २१. म्हणजे हळदीची उतरती छटा एकवीस पट्ट्यांच्या जिन्यासारखी दिसणार. ‘बारीक ठिपके म्हणजे चांगली छपाई’ असं समजणाऱ्यांना हे कागदावर करून दाखवावं.

आता हे आकडे कायमचे बसवायचे कुठे? प्रत्येक कामाला नव्यानं टाकायचे म्हटलं की घाईत एकदा तरी राहून जातात, आणि लग्नसराईत घाई नाही असा दिवस नसतो.

इलस्ट्रेटरमध्ये छपाईच्या खिडकीत ‘आउटपुट’ या भागात रंग वेगळे करायचा पर्याय निवडला की प्रत्येक रंगापुढे दाटपणा, कोन आणि आकार दिसतात. तिथे आपले आकडे भरून पूर्ण मांडणी प्रिंट प्रीसेट म्हणून नाव देऊन साठवता येते. हे मूळ आकडे येतात पीपीडी नावाच्या फाइलमधून, म्हणजे त्या प्रिंटरच्या वर्णनाच्या फाइलमधून. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते, आणि आत ‘स्क्रीनफ्रीक’, ‘स्क्रीनअँगल’ अशा ओळी इंग्रजीत वाचता येतात. जाणकार मंडळी फाइलची एक प्रत करून त्या ओळी बदलतात. मूळ फाइलला हात लावू नये, हे सांगायला नकोच. कोरलड्रॉमध्ये छपाईच्या खिडकीतच सेपरेशनची, म्हणजे रंग वेगळे करायची, प्रगत मांडणी उघडते. तिथे तेच चार रकाने, आणि ‘प्रिंट स्टाइल’ म्हणून साठवायची सोय. गावोगावच्या डीटीपी सेंटरमध्ये कोरलड्रॉचंच राज्य असल्यामुळे हा रस्ता बहुतेकांना जवळचा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत हाफटोनच्या खिडकीत आपली मांडणी डिफॉल्ट करून ठेवायचं बटणच होतं. नव्या आवृत्त्यांत छपाईच्या खिडकीतून ती सोय काढून टाकली आहे.

पण या सगळ्याला एक अट आहे आणि ती बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. हे आकडे पाळायला प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट जाणणारा हवा. दुकानात बिलं छापायला घेतलेला स्वस्त लेझर प्रिंटर ती भाषा जाणत नाही. तुम्ही ४५ लिहा नाहीतर २५. तो आपल्या कारखान्यात ठरलेल्या बारीक जाळीतच करडा रंग छापतो. ऑपरेटरला वाटतं, सॉफ्टवेअर ऐकत नाही. सॉफ्टवेअरनं निरोप पाठवलेला असतो, पुढच्यानं वाचलेला नसतो.

अशा प्रिंटरवर उपाय एकच: ठिपके प्रिंटरकडून न करवता फाइलमध्येच करून घ्यायचे. फोटोशॉपमध्ये चित्र आधी ग्रेस्केल करायचं, मग मोडमधून बिटमॅप, तिथे हाफटोन स्क्रीन निवडून ४५, २२.५ आणि लंबगोल. बाहेर पडणाऱ्या चित्राचा डीपीआय प्रिंटरच्या डीपीआयएवढाच ठेवायचा. आता चित्रात करडा रंग उरतच नाही. नुसतं काळं आणि पांढरं. प्रिंटरला स्वतःची अक्कल चालवायला जागा राहत नाही. कोरलड्रॉमध्येही चित्र काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये बदलताना हाफटोनचा असाच पर्याय मिळतो. फोटोशॉपमध्ये या सगळ्या पायऱ्यांची एक ॲक्शन रेकॉर्ड करून ठेवली की तेच तुमचं डिफॉल्ट: एक बटण दाबलं की चार आकडे आपोआप. मी तर म्हणेन, पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर असला तरी नवशिक्यानं याच वाटेनं जावं, कारण ठिपके छापण्याआधी पडद्यावर मोठे करून बघता येतात.

या वाटेवर दोन सापळे आहेत. ठिपके पडलेलं चित्र नंतर लहान-मोठं करायचं नाही. कोरलमध्ये नेऊन कोपरा धरून जरा ओढलं, किंवा छापताना ‘पानाला बसवा’ चालू राहिलं, की ठिपके वेडेवाकडे होतात आणि जिथे मॉरे नव्हता तिथे येतो. आकार आधी ठरवावा, ठिपके शेवटी पाडावेत. दुसरा सापळा खास आजचा. पिशवीचं डिझाइन एका गावात होतं, ट्रेसिंग, म्हणजे ट्रेसिंग पेपरवरची पॉझिटिव्ह, दुसऱ्या गावात निघतं, आणि फाइल व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून जाते. वाटेत ती दाबली जाते, काळ्या-पांढऱ्याच्या कडांवर करडा धुरळा बसतो, आकारही कमी होतो. ठिपक्यांचं काम फोटो म्हणून पाठवू नये. डॉक्युमेंट म्हणून टिफ किंवा पीडीएफ पाठवावी.

ट्रेसिंग पेपरचंही एक वागणं असतं. लेझर प्रिंटरच्या उष्णतेनं तो आकसतो. एका रंगाला फरक पडत नाही. चार रंगांना चार ट्रेसिंग काढली आणि मधे प्रिंटर गार झाला तर एखादा रंग केसभर सरकतो. चारही एकामागोमाग काढावीत, कोरा कागद आधी एकदा प्रिंटरमधून फिरवून घ्यावा. टोनरचा काळेपणा कमी पडला तर उजेड ठिपक्यातूनही आत शिरतो आणि बारके ठिपके धुताना उघडतच नाहीत.

इथपर्यंत सगळं ठाकठीक केलं तरी कापडावर छटा ठरल्यापेक्षा गडद येते. शाई दाबली जाते, पसरते, सुताच्या धाग्यात शिरते. फाइलमधला पन्नास टक्के ठिपका पिशवीवर पासष्ट-सत्तर टक्क्यांचा होऊन बसतो. याला डॉट गेन म्हणतात आणि तो शून्य कधीच होत नाही. आधीच धरून चालावा लागतो. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. पाच टक्क्यांपासून पंच्याण्णवपर्यंत पाचपाचच्या टप्प्यांनी चौकोनांची पट्टी बनवायची, ठिपका चौकोनी ठेवायचा, नेहमीच्या जाळीनं, नेहमीच्या शाईनं, नेहमीच्या माणसाच्या हातून छापायची. वाळल्यावर भिंग घेऊन बघायचं: कोणत्या चौकोनात शाई आणि कोरी जागा बुद्धिबळाच्या पटासारखी अगदी समसमान दिसते? समजा पस्तीसच्या चौकोनात दिसली. याचा अर्थ कापडावर पन्नास हवे असतील तर फाइलमध्ये पस्तीस द्यायला हवेत. फोटोशॉपच्या कर्व्हमध्ये पन्नासचा बिंदू पस्तीसवर ओढायचा, कर्व्ह साठवायचा आणि ॲक्शनमध्ये हाफटोनच्या आधीची पायरी म्हणून घालायचा. पट्टीत कोणत्या चौकोनापासून ठिपके दिसायला लागले आणि कोणत्या चौकोनात मिटले, तेही लिहून ठेवायचं. दहा आणि पंच्याऐंशी ही मी वर दिलेली टोकं तुमच्याकडे बारा आणि ऐंशी निघू शकतात.

आणि ही पट्टी वर्षातून एकदा छापून भागत नाही, निदान मराठवाड्यात नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की पाण्यात मिसळायची पिगमेंट शाई जाळीतच सुकायला लागते. आधी बुजतात ते बारके ठिपके. सकाळी छापलेल्या पिशवीवर हळदीच्या पुडीची वाटी गोल दिसते, दुपारच्या पिशवीवर तिची उजेडाकडची कड नाहीशी झालेली असते. फाइल तीच, जाळी तीच, माणूस तोच. उन्हाळ्यात ७७टीवर ४५ ऐवजी ३५ ओळींवर उतरलं की तोच पाच टक्क्यांचा ठिपका ०.१४ वरून ०.१८ मिलिमीटरचा होतो आणि उशिरा बुजतो. शाईत सुकणं लांबवणारं द्रव्य घालतात, स्क्वीजीच्या दोन खेपांमध्ये जाळीवर शाईचा थर पसरून ठेवतात. या गोष्टी कारागिरांना ठाऊकच असतात. संगणकापुढे बसलेल्याला त्या ठाऊक नसतात, कारण तो पंख्याखाली असतो आणि जाळी पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाळ्यात तऱ्हा वेगळी: हवेतल्या दमटपणामुळे इमल्शन नीट वाळत नाही, अर्धवट वाळलेलं उजेडाखाली नेलं की गडद भागातले ठिपके धुताना गळतात. म्हणून तेव्हा टोक आत घ्यायचं ते फिकट बाजूचं नव्हे, गडद बाजूचं.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी लागू झाली तेव्हापासून कापडी पिशवीवरच्या छपाईला गिऱ्हाईक आहे: हळदवाले, कापड दुकानं, लग्नात आहेराची पिशवी देणारी घरं. दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, महाशिवरात्रीला औंढ्यात यात्रा, नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला येणारे वारकरी; चित्र छापलेली पिशवी आणि सदरा यांना निमित्त कमी पडत नाही. एवढ्या तऱ्हेच्या कामाला एकच डिफॉल्ट पुरत नाही. तीन पुरतात. मांजरपाटासाठी ४३टी, २५ ओळी. होजिअरीसाठी ६१टी, ३५ ओळी. कागदासाठी १२०टी, ६५ ओळी. तिन्हींत कोन २२.५, आकार लंबगोल, आणि प्रत्येकाचा आपापला कर्व्ह. पहिल्या दोघांची उन्हाळी आवृत्ती आणखी जरा जाड, अनुक्रमे २० आणि २८ ओळींची. संगणकात प्रीसेटला किंवा ॲक्शनला नाव देताना ‘नवीन १’, ‘फायनल २’ असं न ठेवता जाळीचा आकडाच नावात घालावा: ‘४३टी पिशवी उन्हाळा’. आणि तोच आकडा चौकटीच्या लाकडावर पक्क्या शाईच्या पेननं, सेंटिमीटर आणि इंच दोन्हींत लिहावा. जाळी ताणून झाली की नुसत्या डोळ्यांनी ६१ आणि ७७ ओळखता येत नाहीत, आणि ट्रेसिंग काढणारा फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: फ्रेम कितीची आहे?